जिंकत आलेला डाव

ऐक गं, रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धेपासून तू घरात कुणाशी धड बोललेली नाहीस आणि मीही मुद्दामच गप्प होते. हरल्यावर लगेच कुणी समजवायला आलं की ते समजावणंसुद्धा टोचतं. आज बोलते, कारण काल रात्री तू आईला म्हणालीस, ‘माझ्यात जिंकायची वृत्तीच नाही.’ ते ऐकलं आणि मला झोप लागेना. डाव गेला, त्याचं एवढं काही नाही गं. पण एका डावावरून स्वतःबद्दल असा निकाल लावून मोकळी झालीस, तो मला अजिबात मान्य नाही.

तुझी नोटेशनची वही मी उघडून बघितली. रागावू नकोस. रॅपिडमध्ये चाली लिहायची सक्ती नसते, तरी तू लिहितेस, आणि प्रत्येक चालीपुढे घड्याळातला उरलेला वेळही मांडतेस. ही सवय मला फार आवडते. पहिल्या तीस चाली किती सुवाच्च आहेत! एकतिसाव्या चालीला समोरच्या मुलीनं उंट फुकट दिला. तिथून तुझं अक्षर बदलतं. बत्तिसावी चाल खरडलेली, तेहतिसावी नीट वाचता येत नाही आणि पस्तिसाव्यापुढे तू वेळ लिहायचाच सोडून दिलास. उंट मिळाला तेव्हा तुझ्याकडे नऊ मिनिटं होती, तिच्याकडे पुरती दोनही नव्हती. घाई तिला होती. मग तू कशाला पळत सुटलीस?

मला वाटतं, दोन गोष्टी झाल्या. तिचा वेळ संपत आलेला बघून तुला वाटलं, हिला विचार करायला उसंतच द्यायची नाही. भलेभले खेळाडू या मोहात पडतात. तिला वेळ नव्हता, तुला होता, हाच तर तुझा उंटाइतकाच मोठा फायदा होता, आणि भराभर खेळून तो तू स्वतःच सोडून दिलास. दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. उंट हातात आला त्या क्षणी तुझं मन पटावरून उठलं. ते बक्षिसाच्या टेबलापाशी जाऊन उभं राहिलं, घरी फोन करू लागलं, रेटिंग किती वाढेल याची बेरीज करू लागलं. पटावर राहिला नुसता हात. मग चाळिसाव्या चालीला तिच्या घोड्यानं एकाच वेळी राजाला शह आणि हत्तीवर मारा केला. एरवी असला घोडा तुला झोपेतही दिसतो.

म्हणून म्हणते, जिंकायची वृत्ती नाही म्हणून तू हरली नाहीस. डाव संपायच्या आधीच तू जिंकून बसलीस म्हणून हरलीस. हे दोन आजार वेगळे आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. पहिल्या आजाराचं औषध दुसऱ्याला दिलं, ‘जिंकायचंच’ म्हणत आणखी इरेला पेटलीस, तर दुखणं वाढेल.

तू दिव्या देशमुखचं चित्र कपाटाच्या दारावर लावलंयस ना, तिचंच बघ. नागपूरची पोरगी, आपल्यापासून वीसेक किलोमीटरवरची. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक खेळायला गेली तेव्हा तिला पंधरावं मानांकन होतं आणि ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म हातात नव्हता. झू जिनेर, हरिका द्रोणवल्ली, तान झोंगयी अशा एकीपेक्षा एक वरचढ खेळाडूंना हरवत ती अंतिम फेरीत आली. समोर कोनेरू हंपी, वयानं दुप्पट. दिव्याच्या जन्माआधीच हंपी ग्रँडमास्टर झाली होती. पहिल्या क्लासिकल डावात दिव्याला चांगली संधी आली होती, ती निसटली आणि बरोबरी झाली. दुसऱ्याही डावात बरोबरी. मग २८ जुलैला, सोमवारी, टायब्रेक. रॅपिडचा पहिला डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळ्या सोंगट्या होत्या. हंपीचा वेळ कमी होत गेला, तिच्या हातून चूक झाली आणि दिव्यानं डाव घेतला. त्या एका विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी.

आईच्या गळ्यात पडून रडतानाची तिची ती चित्रफीत तू कितीदा पाहिलीस. पण त्यानंतर ती काय बोलली, तिकडे लक्ष दिलंस का? तिनं सांगितलं की आपल्याला एंडगेम शिकायलाच हवा, कारण शेवटचा डाव सोपा जिंकायला हवा होता आणि मध्ये कुठेतरी तो आपल्या हातून बिघडला होता. जग जिंकून पाच मिनिटं झालेली मुलगी हे बोलते! जो डाव जिंकला त्यातही तिची चूक होती. फरक एवढाच, की चुकल्यावरही ती पटावरच बसून होती. हंपीचं घड्याळ पळत होतं तेव्हा दिव्याच्या पोटात काय कालवलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. बाहेरून दिसलं ते हे, की चाल एकेक करूनच आली.

बुडापेस्टचं ऑलिंपियाड मला याहूनही जवळचं वाटतं. सप्टेंबर २०२४. भारताच्या मुलींचा संघ सलग सात फेऱ्या जिंकत आला होता आणि आठव्या फेरीत पोलंडकडून हरला. त्या दिवशी दिव्यानं स्वतःचा डाव जिंकला होता, तरी संघ हरला. नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी. म्हणजे हातात आलेलं सुवर्ण निसटत चाललं होतं, आणि पुढे चीन. अशा वेळी तंबूत काय वातावरण असतं सांगू? सगळे ‘आता काय होणार’ याचाच हिशेब करत असतात. संघाचे कर्णधार आपले पुण्याचे अभिजित कुंटे. दहाव्या फेरीत चीनशी चार पटांपैकी तीन बरोबरीत सुटले आणि दिव्यानं तिसऱ्या पटावर नी शिचुनला हरवलं. अडीच विरुद्ध दीड. शेवटच्या फेरीत अझरबैजानला हरवून सुवर्ण आलं, शिवाय तिसऱ्या पटाचं वैयक्तिक सुवर्णही दिव्याला मिळालं. पोलंडचा तो दिवस कुणी पुसू शकलं नसतं. त्याला दहाव्या फेरीत सोबत घेऊन गेल्या नाहीत, एवढंच त्यांच्या हातात होतं.

आणि हंपीला विसरू नकोस. दिव्याच्या आनंदात आपण तिला बाजूला सारतो, ते मला बरं वाटत नाही. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला जागतिक रॅपिड स्पर्धा झाली, त्यात ती पहिलीच फेरी हरली होती. सदतीस वर्षांची, घरी लहान मुलगी, आणि सुरुवातच अशी. तिथून अकरा फेऱ्यांत साडेआठ गुण करून ती जगज्जेती झाली. तू रविवारी तिसरी फेरी हरलीस आणि चौथ्या फेरीत बाराव्या चालीला बरोबरी मागितलीस. मला त्या हरण्यापेक्षा ही बरोबरी जास्त लागली गं. तिसऱ्या फेरीचा एक गुण समोरच्या मुलीनं घेतला. चौथीतला अर्धा तू आपण होऊन देऊन टाकलास.

फेऱ्यांच्या मधल्या वेळाबद्दल बोलू, कारण तुझं खरं नुकसान तिथं होतं. हरल्यावर तू काय केलंस? मोबाईलवर इंजिन लावून बसलीस. इंजिननं सांगितलं, इथं तू पाच गुणांनी पुढे होतीस. मग तुला रडू आलं. अगं, ते इंजिन घरी आल्यावर. त्या अर्ध्या तासात ते तुला काही शिकवत नाही, नुसतं मीठ चोळतं. तोंड धू, आईनं दिलेली पोळीभाजी खा, हॉलच्या बाहेर झाडाखाली एक चक्कर मार. कुणी विचारलं ‘काय झालं’, तर ‘हरले’ म्हण आणि पुढे चाल. ‘जिंकतच होते, पण…’ हे सांगायला थांबलीस की तो डाव पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

छातीत धडधडतं, हात गार पडतात, हे तू मला दरवेळी एखाद्या गुन्ह्यासारखं सांगतेस. मी कॉलेजात कबड्डी खेळायचे, माहीत आहे ना तुला. चढाईला जाताना मधली रेषा ओलांडली की कानात नुसते ठोके ऐकू यायचे. ते कधीच थांबले नाहीत. अनुभवानं एवढंच कळलं की ठोके पडत असतानाही पाय नीट पडू शकतात. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेनं २०१४ मध्ये यावरच अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला, भाषण करायला, गणितं सोडवायला लावलं. ज्यांनी आधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावलं, त्यांच्यापेक्षा ‘मला हुरूप आलाय’ असं म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. कारणही पटण्यासारखं आहे. धडधडणाऱ्या छातीला जबरदस्तीनं गप्प बसवणं अवघड असतं. भीतीत आणि उत्साहात शरीर जवळजवळ सारखंच वागतं, म्हणून एकाला दुसऱ्याचं नाव देणं त्या मानानं सोपं जातं. पुढच्या वेळी ‘मी घाबरले’ म्हणायच्या जागी ‘मला खेळायचंय’ म्हणून बघ. बाकी ठोक्यांच्या नादी लागू नकोस.

आता जे बोलणार आहे ते आई-बाबांनाही ऐकू गेलं तरी चालेल. तू पहिलीत असल्यापासून या घरात सगळे तुला ‘हुशार’ म्हणतात. गल्लीत, शाळेत, लग्नकार्यात, ‘ही आमची हुशार पोट्टी.’ प्रेमानंच म्हणतात. पण त्या शब्दाचं ओझं तुझ्या मानेवर बसलेलं मला दिसतं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींचा १९९८ चा एक गाजलेला प्रयोग आहे. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. सोडवल्यावर काहींना म्हटलं, ‘तू हुशार आहेस’, काहींना म्हटलं, ‘तू मेहनत घेतलीस.’ मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती सगळ्यांनाच जड गेली. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली, तर ‘हुशार’ म्हटलेली मुलं आधीपेक्षाही कमी पडली आणि ‘मेहनती’ म्हटलेली वर गेली. आणखी एक गोष्ट वाचून मी थबकले. आपले गुण कागदावर लिहून सांगा म्हटल्यावर हुशार ठरवलेल्यांपैकी बऱ्याच मुलांनी ते वाढवून लिहिले. पाचवीतली मुलं गं! ती मुळात खोटारडी नव्हती. हुशारी गेली तर आपल्याजवळ उरणार काय, अशी त्यांना भीती वाटली असणार.

यावरून पुढे फार बोलबाला झाला, ‘माइंडसेट’ हा शब्द शाळाशाळांच्या भिंतींवर लागला. नंतर मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाले तेव्हा परिणाम माफकच निघाला. म्हणजे भिंतीवर ‘मला जमेल’ लिहून जमत नाही. तरीही त्या मुलांचं वागणं मला तुझ्यात दिसतं, म्हणून सांगते. गेले काही महिने तू ऑनलाइन कुणाशी खेळतेस? आपल्यापेक्षा शंभर-दोनशे रेटिंग कमी असलेल्यांशी. सरांच्या क्लासमध्ये तो उंच मुलगा आला की तुला पाणी प्यायला जायचं असतं. तू आळशी नाहीस. हरलीस तर ‘हुशार’ हे नाव जाईल, म्हणून तू हरण्याच्या जागाच टाळतेस. आणि ज्या जागा टाळतेस, तिथंच शिकायला मिळतं. आठवड्यातून दोन डाव तरी अशाशी खेळ, जो तुला हरवेल. हरून ये, मी चहा ठेवते.

बाबांनी त्या रविवारी एमआयडीसीतली शिफ्ट बदलून घेतली, पहाटे उठून तुला नागपूरला नेलं. आजीनं धापेवाड्याच्या विठोबाला तुझ्या नंबरासाठी साकडं घातलं. येताना बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि मला खात्री आहे, तू डावाचा विचार करत नव्हतीस, बाबांच्या शिफ्टचा करत होतीस. आपल्याकडच्या मुली हे फार करतात. कुणी आपल्यासाठी काही सोडलं की ते कर्ज वाटायला लागतं आणि मग प्रत्येक चाल त्या कर्जाचा हप्ता होते. असं ओझं घेऊन कुणाला घोडा दिसणार? मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘मला तर तिला खेळताना पाहायचं होतं, पण पालकांना आत सोडत नाहीत ना.’ एवढंच त्यांचं दुःख. तुझ्या अर्ध्या गुणाचा हिशेब त्यांच्याकडे नाहीच.

हरण्याबद्दल त्यांना काय वाटतं ते ऐकायचं असेल, तर रणजीचं विचार, ते तासभर सांगतील. मार्च २०२४ ची अंतिम लढत, वानखेडेवर मुंबईनं विदर्भापुढे ५३८ धावांचं लक्ष्य ठेवलं. गेल्यात जमा सामना. तरी अक्षय वाडकरनं शतक काढलं, संघ ३६८ पर्यंत गेला आणि १६९ धावांनी हरला. पुढच्या मोसमात त्याच मुंबईला उपांत्य फेरीत हरवून वाडकरच्याच संघानं जामठ्यावर करंडक उचलला.

बघणाऱ्यांचं मात्र तुला वेगळं सांगायला हवं, कारण तू मुलगी आहेस. शेजारच्या काकूंनी दारातच विचारलं, ‘काऊन बाई, हारली का पोट्टी?’ आणि वर, ‘जाऊ दे, अभ्यासाचं बघ आता.’ पुढे मोठी झालीस की आणखी वेगळं ऐकू येईल. दिव्या अठरा वर्षांची असताना, २०२४ च्या जानेवारीत, नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथली स्पर्धा खेळून आली आणि तिनं जाहीरपणे लिहिलं, की तिचे काही डाव चांगले झाले होते, तिला त्यांचा अभिमान होता, पण बघणारे तिच्या चालींपेक्षा कपडे, केस, बोलण्याची ढब यांवरच बोलत होते. तिनं ते गिळून टाकलं नाही. लिहिलं, आणि परत खेळायला बसली. त्याच वर्षी जूनमध्ये गांधीनगरला मुलींची जागतिक ज्युनिअर स्पर्धा अकरापैकी दहा गुण घेऊन जिंकली.

ही वाट तिच्याही आधी कुणीतरी पाडून ठेवली होती. मुंबईच्या खाडिलकर बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीनं जिंकली आणि पुढची कित्येक वर्षं ते विजेतेपद या तिघींच्या घरातच फिरत राहिलं. १९७६ मध्ये रोहिणी अवघ्या तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तर केवढा गहजब झाला. तिच्या वडिलांना हायकोर्टात जावं लागलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की बुद्धिबळाच्या स्पर्धेतून बाईला बाई म्हणून वगळता येणार नाही. तुझ्याच वयाची होती गं ती तेव्हा. समोर बसलेल्या पुरुषाला आपण हरवलेलं आवडणार नाही, हे ठाऊक असून तेरा वर्षांच्या मुलीनं पहिली चाल कशी केली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. आणि दुसराही विचार करते, की सख्ख्या बहिणी एकाच विजेतेपदासाठी झगडायच्या. तिथं रोज हरणं-जिंकणं एकाच ताटात जेवत असणार.

म्हणून मला तुझ्यासाठी तेच हवंय, घरात हरायची सवय. तुला हरवण्याइतकी मी तयारीची नाही, पण एंडगेमपुरती पुरेन. उद्या संध्याकाळी शाळेतून आलीस की पट मांड. एक हत्ती आणि एक प्यादं तुझ्याकडे, नुसता हत्ती माझ्याकडे. तुझं प्यादं सातव्या रांगेत आणि राजा त्याच्याच पुढे आठव्या घरात अडकलेला. माझा राजा एक पट्टी सोडून लांब उभा, आणि तुझा राजा बाहेर आला की मी हत्तीनं शहामागून शह देत सुटणार. तुझा हत्ती आधी चौथ्या रांगेत आणून ठेवायचा, मग राजा बाहेर काढायचा आणि शह मिळत गेले की त्याच हत्तीनं मध्ये आडोसा करायचा. दिसायला सोपं आहे. घड्याळ लावू, तुला पाच मिनिटं, मला एक. मी भराभर खेळणार, हे आधीच सांगते. तू तुझी पाचही मिनिटं वापरायची. आणि वहीत प्रत्येक चालीपुढे वेळ लिहायचा, शेवटच्या चालीपर्यंत.